जुनी बुलेट सुरू होत नाही : प्लग, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर सर्व बदलून झाले

रंकाळाकाठ (धागालेखक), शनिवार रात्री ९.४०

नमस्कार. वडिलांची १९९० सालची बुलेट ३५० आमच्या घरी आहे. गाडी १२ व्होल्टची, पॉइंटची (म्हणजे ठिणगीसाठी प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन धातूच्या टोकांची) आणि अर्थातच किकची आहे. जूनमध्ये पाऊस लागल्यापासून ती रंकाळ्याजवळच्या आमच्या घरामागील पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. नोंदणीची मुदत पुढच्या महिन्यात संपत असल्याने फेरनोंदणीच्या तपासणीसाठी ती चालू स्थितीत न्यावी लागणार आहे, म्हणून दोन आठवड्यांपूर्वी ताडपत्री काढून किक मारायला सुरुवात केली. गाडीने साधी फुरफुरसुद्धा केली नाही.

प्लग काढून सिलिंडरच्या धातूच्या पात्यांना टेकवून पाहिला, तर ठिणगी नव्हती. नवा मायको प्लग आणला, तरीही ठिणगी नाही. दुकानदाराच्या सांगण्यावरून नवी एच. टी. कॉइल (प्लगसाठी उच्च दाबाची वीज तयार करणारी) आणली, तरीही नाही. मग गेल्या रविवारी मी स्वतः पॉइंटचा संच आणि कंडेन्सर बदलला आणि ठिणगी आजही नाही. बॅटरी चार्ज केलेली आहे, मल्टिमीटरवर १२.५ व्होल्ट दाखवते, हॉर्न खणखणीत वाजतो. पेट्रोल ताजे भरले आहे. आता बदलण्यासारखे काही उरलेले नाही असे मला वाटते. कोणी मार्ग दाखवू शकेल का?

शाहूपुरीकर, शनिवार रात्री १०.१५

आपण धक्का मारून पाहिला का? आमच्या भागात थोडा उतार मिळाला की जुन्या गाड्या दुसऱ्या गिअरमध्ये सुरू होतात.

निवृत्त फिटर, रविवार सकाळी ६.३०

धक्का मारण्यात अर्थ नाही. ठिणगीच नसेल, तर किक मारली काय आणि बिंदू चौकातून स्टेशनपर्यंत ढकलत नेली काय, सिलिंडरमधले पेट्रोल पेटणार कशाने? उलट न जळलेले पेट्रोल प्लग भिजवत राहील आणि खरा दोष दूर झाल्यावरही गाडी लगेच घेणार नाही.

रंकाळाकाठ, आपण चार वस्तू बदलल्या, परंतु हेडलाइटच्या टोपावर जो अँपिअर मीटर आहे त्याचा काटा काय सांगतो हे एका शब्दानेही लिहिले नाही. ज्या काळात मिस्त्रीकडे मल्टिमीटर नसायचा त्या काळी बुलेटच्या इग्निशनचे अर्धे निदान त्या काट्यावरच होत असे. कृपया सर्व दिवे बंद ठेवून चावी चालू करावी आणि किक पायाने हळूहळू, हाताने चाक फिरवावे तितक्या सावकाश, खाली दाबत जावी. काटा मध्यावरून हलतो का, हलला तर कोणत्या बाजूला जातो आणि किक दाबत असताना परत मध्यावर येतो का, इतकेच पाहून लिहावे. चावी चालू ठेवून चहाला मात्र जाऊ नये. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइलमधून सतत प्रवाह वाहतो, त्याने कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.

रंकाळाकाठ, रविवार सकाळी ११.०५

काका, धन्यवाद. सांगितल्याप्रमाणे पाहिले. चावी चालू करताच काटा डावीकडे, म्हणजे उण्याच्या बाजूला जातो आणि तेथेच राहतो. किक पूर्ण खाली जाईपर्यंत तो परत येत नाही. चार-पाच वेळा करून पाहिले, प्रत्येक वेळी तसेच.

एक गोष्ट मात्र आठवली. पहिल्या दिवशी मी वडिलांना दाखवण्यासाठी मोबाइलवर गाडीचे छायाचित्र काढले होते आणि त्यात चावी चालू दिसते. त्या छायाचित्रात काटा अगदी मध्यावर आहे. तेव्हा मी त्याकडे लक्ष दिले नव्हते.

निवृत्त फिटर, रविवार दुपारी १२.२०

त्या छायाचित्राने माझे निम्मे काम केले. आपल्या गाडीत एक नव्हे, दोन दोष आहेत, आणि ते एकाच वेळी नव्हे तर एकामागून एक आलेले आहेत. पहिला पावसाळ्याने दिला. दुसरा, राग मानू नये, गेल्या रविवारी आपल्या हातून झाला.

चावी, कॉइलचे प्राथमिक वेटोळे, पॉइंट आणि शेवटी अर्थ (अर्थिंग), म्हणजे इंजिनचे धातूचे अंग, अशा वाटेने बॅटरीचा प्रवाह जातो. पॉइंट मिटलेले असताना ही वाट पूर्ण होते आणि काटा डावीकडे सरकतो. १२ व्होल्टच्या कॉइलचा प्राथमिक रोध साधारण साडेतीन ओहम धरला, तर सुमारे साडेतीन अँपिअर प्रवाह होतो, तेवढाच काटा हलतो. कॅमने, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या उंचवट्याच्या चकतीने, पॉइंट उघडले की वाट तुटते आणि काटा मध्यावर येतो. निरोगी गाडीत किक हळू दाबली असता काटा डावीकडे असतो, मध्यावर येतो, पुन्हा डावीकडे जातो. जुने लोक याच काट्याकडे पाहून किकची जागा साधत : काटा मध्यावर आला की डीकंप्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) दाबायचा, किक थोडी पुढे सरकवायची, डीकंप्रेसर सोडायचा आणि मगच संपूर्ण जोर लावायचा.

पहिल्या दिवशी काटा मध्यावर होता. एका छायाचित्रावरून शंभर टक्के म्हणता येत नाही, कारण पॉइंट त्या क्षणी नेमके उघडेही असू शकतात. पण एका सिलिंडरच्या इंजिनात पॉइंट बहुतांश वेळ मिटलेलेच असतात, आणि तीन महिने ओल्या हवेत उभ्या राहिलेल्या गाडीच्या पॉइंटवर काळसर थर चढून ते मिटूनही प्रवाह जाऊ देत नाहीत, हा अनुभव नेहमीचा आहे. थोडक्यात, त्या दिवशी पॉइंटमधून कोरड्या पोस्टकार्डाची पट्टी दोनदा ओढली असती तर कदाचित तेवढ्यावरच भागले असते.

आज काटा डावीकडून हलत नाही. याचा अर्थ वाट कधीच तुटत नाही. पॉइंट उघडत नसतील, किंवा ते उघडूनही प्रवाह दुसऱ्या कोणत्या तरी जागेतून इंजिनच्या अंगाला मिळत असेल.

राजारामपुरी सातवी गल्ली, रविवार दुपारी १.१०

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते, त्यामुळे येथे थोडी भर घालण्याचा मोह आवरत नाही. पॉइंट मिटले की ठिणगी पडते असा पुष्कळांचा समज असतो, प्रत्यक्षात ती पॉइंट उघडण्याच्या क्षणी पडते. प्राथमिक वेटोळ्यातून प्रवाह वाहत असतो तोपर्यंत लोखंडी गाभ्यात चुंबकीय क्षेत्र साठून राहते. प्रवाह एकदम तुटला की ते क्षेत्र कोसळते, आणि फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या प्रवर्तनाच्या नियमानुसार दुय्यम वेटोळ्याच्या हजारो वेढ्यांत दहा हजार व्होल्टच्या वरचा दाब निर्माण होतो. क्षेत्र जितक्या झटक्यात कोसळेल तितका दाब जास्त. म्हणून साडेतीन अँपिअर सतत वाहत राहिले तर कॉइल फक्त गरम होते, ठिणगी मात्र एकही मिळत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगत असते की शून्य प्रवाह आणि स्थिर प्रवाह ही ठिणगीच्या दृष्टीने सारखीच अवस्था आहे.

कंडेन्सरचे कामही यातूनच समजते. पॉइंट उघडू लागताच प्राथमिक वेटोळ्यातही दोन-तीनशे व्होल्टचा उलट दाब येतो आणि तो पॉइंटच्या फटीतून उडी मारू पाहतो. सुमारे ०.२ मायक्रोफॅरडचा तो छोटा कंडेन्सर ती लाट क्षणभर स्वतःत घेतो आणि तेवढ्यात फट पुरेशी रुंद होते. तो निकामी झाला तर पॉइंटवरच मोठी निळसर ठिणगी पडते, पॉइंट जळतात आणि प्लगवर मात्र पिवळसर, मरगळलेली ठिणगी येते.

निवृत्त फिटर, रविवार दुपारी २.००

मॅडम, हे आम्हाला उद्यमनगरात उमेदवारी करताना कोणी असे सांगितले असते तर कितीतरी कंडेन्सर वाचले असते. आम्ही आधी बदलत होतो आणि मग समजून घेत होतो.

रंकाळाकाठ, आता पुढील तपासणी क्रमाने करावी आणि एका वेळी एकच गोष्ट सोडवावी. पॉइंटचे झाकण काढून किक हळू दाबत पॉइंट डोळ्यांनी उघडताना दिसतात का ते प्रथम पाहावे. दिसत असतील तर ते मिटलेल्या स्थितीत आणून त्यांच्यामध्ये जाड कोरडा कागद सरकवावा, म्हणजे ते उघडल्यासारखेच झाले. चावी चालू करावी. काटा तरीही डावीकडे गेला, तर प्रवाह पॉइंटच्या टोकांतून नव्हे तर दुसरीकडून अर्थ होतो आहे हे ठरले. मग कागद तसाच ठेवून फक्त कंडेन्सरची वायर सोडवावी. काटा मध्यावर आला तर नवा कंडेन्सरच आतून शॉर्ट आहे. नाही आला तर कॉइलकडून येणारी वायर पॉइंटवरून सोडवून हवेत धरावी. तेव्हा काटा मध्यावर आला तर दोष पॉइंटच्या जोडणीत आहे, आणि तरीही आला नाही तर ती वायरच वाटेत कोठे तरी सोलून फ्रेमला लागली आहे.

माझा अंदाज विचाराल तर पॉइंटच्या जोडणीचा. चल पॉइंटची पत्ती आणि दोन्ही वायरी ज्या स्क्रूवर एकत्र येतात, त्या स्क्रूला खालच्या प्लेटपासून वेगळे ठेवण्यासाठी लालसर तपकिरी फायबरचे वायसर (वॉशर) असतात. त्यांतील एक जरी राहिला किंवा क्रम चुकला तरी पॉइंट कायमचे अर्थ होतात. जुना संच टाकून दिला नसेल तर त्याच्या स्क्रूकडे एकदा नीट पाहावे.

दोनस्ट्रोकवाला, रविवार दुपारी ४.३५

विषय थोडा वेगळा असला तरी लक्षण तेच आहे, म्हणून येथेच विचारतो. माझी यामाहा आर. एक्स. १०० गेल्या आठवड्यातील जोरदार पावसात दुधाळी परिसरात साचलेल्या पाण्यात काही तास उभी होती. तेव्हापासून ठिणगी नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरातही ती भिजली होती, मात्र तेव्हा वाळवल्यावर सुरू झाली होती. मी नवी बॅटरी बसवली, परंतु उपयोग झाला नाही.

निवृत्त फिटर, रविवार सायंकाळी ५.१०

बॅटरीचा उपयोग होणारच नव्हता. आपल्या गाडीचे इग्निशन सी. डी. आय. पद्धतीचे, म्हणजे पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक डब्याचे, आहे आणि त्याची वीज मॅग्नेटमधील कॉइलवर तयार होते. बॅटरी काढून ठेवली तरी आर. एक्स. सुरू होते.

येथे एक गोष्ट बुलेटच्या नेमकी उलटी आहे आणि तीच पुष्कळांना फसवते. बुलेटमध्ये चावी बंद करणे म्हणजे वाट तोडणे. आपल्या गाडीत चावी बंद करणे म्हणजे सी. डी. आय.मधून येणारी एक वायर अर्थला जोडणे. त्यामुळे बुलेटचा स्वीच खराब झाला तर प्रवाह पुढे जात नाही, आणि आर. एक्स.च्या स्वीचमध्ये पाणी किंवा चिखल गेला तर चावी चालू असूनही गाडीला आपण बंद आहोत असेच वाटत राहते. सी. डी. आय.जवळच्या जोडणीतून ती एकच वायर सोडवावी आणि ठिणगी पाहावी. आली तर दोष स्वीचमध्ये आहे. त्या स्थितीत गाडी चावीने बंद होणार नाही हे ध्यानात ठेवावे, गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबून क्लच सोडला की ती बंद पडेल.

ठिणगी पाहताना प्लगचे अंग सिलिंडरच्या धातूला घट्ट टेकलेले हवे. प्लग हवेत लोंबत ठेवून किक मारली तर तो उच्च दाब बाहेर जायला वाट न मिळाल्याने कॉइल आणि सी. डी. आय. फोडू शकतो. आणि प्लगच्या भोकाजवळ ठिणगी पाडू नये, त्यातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते.

शाहूपुरीकर, रविवार सायंकाळी ६.००

या सर्व कटकटींपेक्षा बुलेटलाही इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच बसवून टाकावा, असे मला वाटते. पॉइंटच राहिले नाहीत तर गंजणार काय?

निवृत्त फिटर, रविवार सायंकाळी ७.२५

बसवणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. रोज शिरोलीला कामावर जाणाऱ्याने तो जरूर बसवावा. पण गगनबावड्याच्या वाटेवर साळवणच्या पुढे भर पावसात गाडी बंद पडली, तर पॉइंट खिशातल्या कागदाने पुसता येतात. तो बंद डबा पुसून काही होत नाही.

रंकाळाकाठ, सोमवार रात्री ८.५०

सविस्तर लिहितो. पॉइंट डोळ्यांना उघडताना दिसत होते. कागद सरकवून चावी चालू केली, काटा डावीकडेच गेला. कंडेन्सरची वायर सोडवली, काटा डावीकडेच. कॉइलची वायर सोडवून धरली आणि काटा मध्यावर आला. त्या क्षणी घरातल्यांना हाक मारून बोलावले आणि कोणालाच त्यात विशेष काही वाटले नाही.

जुना संच मी काडेपेटीत ठेवला होता. त्याच्या स्क्रूला तेलकट मळाने एक फायबर वायसर चिकटलेला सापडला. नव्या संचात वरचा वायसर होता, खालचा मी बसवलाच नव्हता, आणि पत्ती थेट प्लेटला लागत होती. वायसर बसवून पुन्हा जोडले. काकांनी वर्णन केल्याप्रमाणे किक दाबली की काटा आता डावीकडे जातो आणि मध्यावर येतो. प्लगवर ठिणगी आहे.

आणि आता नवीन अडचण. गाडी दोनदा फटकन आवाज करून उलटी किक मारते. दुसऱ्या वेळी पोटरीला चांगलाच मार बसला. सध्या मी ती तशीच ठेवली आहे.

राजारामपुरी सातवी गल्ली, सोमवार रात्री ९.१५

पोटरीची काळजी घ्यावी. ठिणगी वेळेआधी पडत असावी असे दिसते. पॉइंटची फट आपण कशाने मोजून ठेवली?

रंकाळाकाठ, सोमवार रात्री ९.२०

मोजली नाही. व्हिजिटिंग कार्ड दुमडून अंदाजाने ठेवली.

निवृत्त फिटर, मंगळवार सकाळी ६.१०

दुमडलेले कार्ड अर्धा मिलिमीटर ओलांडून जाते. आपल्या गाडीला फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर लागते. फट वाढली की कॅमची चढण सुरू होताच पॉइंट उघडतात, म्हणजे ठिणगी लवकर पडते. पिस्टन अजून वर येत असतानाच मिश्रण पेटते आणि तो उलट दिशेने ढकलला जातो, तोच मार आपल्या पोटरीला बसला. फट कमी झाली तर उलट घडते : ठिणगी उशिरा पडते, गाडी सुरू होते पण ओढत नाही आणि तापते.

फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा संच) आणावा, कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. किक दाबून पॉइंट जास्तीत जास्त उघडतील त्या जागी इंजिन थांबवावे, तेथेच फट मोजावी, स्क्रू घट्ट केल्यावर पुन्हा मोजावी, कारण आवळताना ती हमखास सरकते. कॅमवर बोटाने पुसट ग्रीस लावावे. नाही लावले तर पॉइंटची टाच झिजून काही महिन्यांत फट आपोआप कमी होते. जास्त लावले तर ते उडून पॉइंटवर बसते आणि आपण पुन्हा पहिल्या दिवशी येतो.

आपण कॅम आणि मागची प्लेट हलवली नसेल तर फट बरोबर केल्यावर टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) जागेवर यावे. खात्री करायची असेल तर पिस्टन सर्वांत वरच्या जागेच्या ०.८ मिलिमीटर अलीकडे असताना, ॲडव्हान्सची वजने (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) मिटलेली ठेवून, पॉइंट नुकतेच उघडायला हवेत. ते नुकतेच उघडणे ओळखण्यासाठी पतंगाच्या कागदाची पट्टी पॉइंटमध्ये अडकवून हलके ओढत राहावे, सुटेल तो क्षण खरा. त्या कागदाची जाडी इतकी कमी असते की मापात फरक पडत नाही. प्लगचे भोक तिरके असल्यामुळे त्यातून चाकाचा स्पोक घालून पिस्टनचे ते ०.८ मिलिमीटर मोजणे अंदाजाचेच ठरते, म्हणून पहिल्या फेरीला मी आपल्याला त्यात घालत नाही.

दोनस्ट्रोकवाला, मंगळवार दुपारी १.४०

काका, वायर सोडवताच ठिणगी आली. स्वीच उघडला तर आत चिखलाचा सुकलेला थर होता. साफ करून बसवला आहे. नवी बॅटरी निदान हॉर्नच्या कामी आली.

रंकाळाकाठ, बुधवार सायंकाळी ७.३०

फट ०.३८ वर बसवली. आवळल्यावर खरोखरच सरकली होती, तीन वेळा करावे लागले. ओला प्लग पुसून वाळवला, काटा मध्यावर आणून डीकंप्रेसरने जागा साधली आणि चौथ्या किकेला गाडी सुरू झाली. वडील आतून बाहेर आले, सायलेन्सरजवळ हात धरून उभे राहिले आणि ‘थोडी जास्त पेट्रोल पिते आहे’ एवढेच म्हणाले.

जुनी कॉइल मल्टिमीटरवर मोजली, प्राथमिक ३.६ ओहम दाखवते. म्हणजे ती चांगली होती. तीच परत बसवली असून नवी डिकीत ठेवली आहे, कारण दुकानदार विजेचे सामान परत घेत नाही. जुने पॉइंटही पोस्टकार्डाने पुसून पाहिले. आता मिटल्यावर मीटर त्यांच्यामध्ये जवळपास शून्य ओहम दाखवतो.

एक शंका उरली आहे. गाडी संथ चालू असताना काटा मध्याच्या किंचित डावीकडे थरथरतो, हेडलाइट लावला की आणखी डावीकडे जातो. हे ठीक आहे का?

निवृत्त फिटर, बुधवार रात्री ८.१०

संथ गतीवर ठीक आहे, त्या वेगाला अल्टरनेटर दिव्याइतकी वीज देऊ शकत नाही. रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, दिवा बंद असताना, काटा उजवीकडे गेला पाहिजे. तो गेला नाही तर चार्जिंग पाहावे लागेल, त्यासाठी मात्र नवा धागा काढावा.

रंकाळाकाठ, बुधवार रात्री ८.१५

उद्या सकाळी गर्दी होण्याआधी रंकाळ्याला एक फेरी मारतो आणि काटा पाहून कळवतो.